शब्द टाकून खाऊ घालणं: पिंकबेरीची रांग आणि आमचं दही

मंजिरी_गोदाकाठ

2006 च्या जूनमध्ये आम्ही लॉस एंजलिसला राहायला गेलो. सामान अजून खोक्यांतच होतं. शेजारच्या कोरियन बाई भेटायला आल्या आणि पाचव्या मिनिटाला त्यांनी विचारलं, "पिंकबेरी खाल्लंस का?" शाळा, बाजार, दवाखाना यातलं काहीच आम्हाला अजून ठाऊक नव्हतं, पण त्या माऊलीला आधी हे सांगायचं होतं. त्याच शनिवारी रात्री त्यांनी आम्हाला गाडीत घालून वेस्ट हॉलिवूडला नेलं.

हंटली ड्राइव्ह नावाचा अरुंद, राहत्या घरांचा रस्ता. तिथे गोठवलेल्या दह्याचं एवढंसं दुकान आणि दारापासून फुटपाथवर लांबलेली रांग. रात्रीचे दहा वाजत आलेले. कॉलेजची पोरं, ड्युटी संपवून परस्पर आलेल्या दोन नर्स, खांद्यावर झोपलेलं बाळ घेतलेला बाप. चवी फक्त दोन: ओरिजिनल आणि ग्रीन टी. माझ्या पुढची मुलगी मागे वळली आणि मी न विचारताच म्हणाली, "पहिल्यांदा आलीस ना? ओरिजिनलच घे. वर आंबा आणि मोची, म्हणजे तांदळाच्या पिठाचे मऊ तुकडे, सांग. ग्रीन टी पुढच्या वेळी." तिचा त्या दुकानाशी काही संबंध नव्हता, तिला कुणी दमडी देणार नव्हतं. तरी स्वतःचा कप घेऊन झाल्यावर ती दारात थांबली, माझा पहिला चमचा तोंडात जाईपर्यंत.

आणि तो चमचा तोंडात गेल्यावर मला एकदम घर आठवलं. आंबट! अमेरिकेत तोवर जे काही गार खाल्लं होतं ते सगळं गोडमिट्ट. ही चव मात्र टांगलेल्या चक्क्याची होती, साखर हात राखून घातलेली. कपात पांढराशुभ्र वळसा, वर मोदकाच्या कळीसारखी शेंडी. मी त्या मुलीकडे बघून मान डोलावली. ती हसली आणि गेली. पुढच्या महिन्याभरात मी स्वतः निदान दहा जणांना तिथे नेलं आणि प्रत्येकाला "ओरिजिनलच घे" असं बजावलं.

ते दुकान जानेवारी 2005 मध्ये शेली ह्वांग आणि यंग ली या दोघांनी काढलं होतं. ह्वांगबाईंना त्या जागी खरं तर इंग्लिश पद्धतीचं चहाचं दुकान थाटायचं होतं. त्याला परवानगी मिळाली नाही, म्हणून गोठवलेलं दही. पुढे रांग एवढी वाढली की आजूबाजूचे रहिवासी वैतागले. परवान्याशिवाय गाडी लावता येत नाही अशा गल्लीत लोक गाडी उभी करून धावत जायचे आणि परत येईतो काचेवर दंडाची चिठ्ठी लागलेली असायची. लॉस एंजलिस टाइम्सने 2006 मध्ये यावर लेखच छापला, 'हजार पार्किंग-दंड ओढवणारी चव' अशा अर्थाच्या मथळ्याचा. लोक लाडाने 'क्रॅकबेरी' म्हणायचे, व्यसन लागलंय या अर्थाने. मी तरी त्या काळात त्यांची एकही जाहिरात पाहिली नाही. शेजारीण, रांगेतली मुलगी, मग मी, मग मी नेलेले दहा जण. असंच ते पसरत होतं.

हे सगळं आज लिहायचं कारण असं. आम्ही आता नाशिकला असतो आणि गेली दोन वर्षं गंगापूर रोडच्या एका गल्लीत माझं छोटंसं दुकान आहे. गार दही विकते. रोज तीस लिटर म्हशीच्या दुधाचं विरजण, पंचात टांगून चक्का, पुरणयंत्रातून काढायचा, मग मशीनमध्ये. वर हंगामात द्राक्षं, डाळिंब, एरवी मनुका आणि शेंगदाण्याच्या चिक्कीचा चुरा. शंभर-सव्वाशे कप होतात, संपले की शटर खाली. गेल्या आठवड्यात एका मुलीचा मेसेज आला. तिचे इन्स्टाग्रामवर ऐंशी हजार फॉलोअर्स आहेत. तिला वीस कप फुकट आणि थोडे पैसे दिले तर ती तीन रील करेल म्हणाली, 'लोक वेडे होतील' असंही म्हणाली. मुलगा म्हणतो कर. माझं मन होत नाहीये. तोंडी प्रसिद्धी अशी विकत घेता येते का? ज्यांनी असं वेड जवळून पाहिलंय त्यांनी कृपया लिहा.

---

चैत्रपालवी

फार सुंदर लिहिलंय. त्या रांगेतल्या मुलीचं वर्णन वाचून मला आमच्या वसंत विहारमधल्या पाणीपुरीवाल्याकडची बाई आठवली, "आधी तिखटच घ्या, मागून गोड" म्हणून प्रत्येकाला सांगते. धाग्यावर नजर ठेवून आहे.

---

कॅम्पातला_पुणेकर

मंजिरीताई, माझं बालपण कयानी बेकरीपासून चालत दहा मिनिटांवर गेलं. ईस्ट स्ट्रीटवरचं ते दुकान 1955 सालचं. आजही तीच जागा, शाखा नाही, दुपारी बंद. सकाळची पहिली खेप घ्यायला वडील मला पाठवायचे. रांगेत अर्धे लोक बाहेरगावचे असत. कुणी सोलापूरला निघालेला, कुणी मुंबईची गाडी गाठणारा. श्रुजबेरी बिस्किटांचा खोका दोरीने बांधून घ्यायचा आणि डब्यात वरच्या रॅकवर ठेवायचा. तो खोका पाहून समोरच्या बाकावरचा विचारणारच, "मिळाली का? किती वाजता गेला होतात?" गप्पा तिथून सुरू व्हायच्या. मी तर म्हणेन तो दोरी बांधलेला खोका हीच त्यांची जाहिरात होती, गिऱ्हाईकानेच स्वतःच्या तिकिटाने गावोगाव फिरवलेली.

दुसरी एक गोष्ट. तुमच्या 'संपलं की शटर खाली' याला लोक आजकाल क्लृप्ती समजतात. मुद्दाम कमी करायचं म्हणजे मागणी वाढते, वगैरे. पण जिथे भट्टी एक आणि हात मोजके, तिथे माल संपतो कारण तो खरोखर संपतो. गिऱ्हाईकाला यातला फरक कळतो. चार वाजता 'संपलं' म्हणणाऱ्याच्या मागच्या ट्रेमध्ये माल दिसला तर तो माणूस परत येत नाही. तुमच्याकडे आत काय शिल्लक आहे हे दिसतं का लोकांना?

---

मंजिरी_गोदाकाठ

हो, काउंटरवरून फ्रीझर दिसतो. शेवटचा डबा रिकामा झाला की मी तो पालथा घालून ठेवते. लोक आता त्या पालथ्या डब्याकडे बघूनच दारातून परत फिरतात.

---

हर्षद_न्यू_जर्सी

क्रोनटचा किस्सा सांगतो, कारण त्या पहिल्या उन्हाळ्यात मी प्रत्यक्ष रांगेत होतो. न्यूयॉर्कच्या सोहो भागात स्प्रिंग स्ट्रीटवर डॉमिनिक आन्सेल या फ्रेंच शेफची बेकरी आहे. 10 मे 2013 ला त्याने क्रोनट विकायला काढला. क्रोसाँसारखं पदर सुटणारं पीठ, डोनटचा आकार, द्राक्षाच्या बियांच्या तेलात तळलेला, साखरेत घोळवलेला, आत क्रीम, वरून ग्लेझ. करायला तीन दिवस लागतात. आदल्या दिवशी एका खाद्य-ब्लॉगवर छोटीशी बातमी आली होती, एवढंच. तिसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी शंभरावर माणसं दाराशी उभी होती आणि त्याच्याकडे क्रोनट होते पन्नासेक.

मी जूनमध्ये गेलो. पहाटे साडेपाचला पोचलो तरी माझ्यापुढे साठ-सत्तर जण. माणशी दोनच मिळणार. काही पोरं पैसे घेऊन दुसऱ्यासाठी रांगेत उभी होती, मिळालेले क्रोनट कित्येक पट किमतीला पुढे विकत होती. मला खरं काय लक्षात राहिलं सांगू? सातच्या सुमारास दुकानातली मुलगी ट्रे घेऊन बाहेर आली आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या हातावर तिने भट्टीतून काढलेली छोटी गरम मॅडलीन, म्हणजे लोण्याचा इवलासा केक, ठेवली. फुकट. थंडी नव्हती, पण झोप न झालेल्या माणसाच्या हातात ते गरम, लोण्याचा वास येणारं एवढंसं काहीतरी आलं आणि आजूबाजूचे सगळे एकमेकांशी बोलायला लागले. माझ्या पुढचे आजोबा ब्रुकलिनहून नातीच्या वाढदिवसासाठी आले होते. त्यांचा आणि माझा चांगला तासभर गप्पांचा फड रंगला.

क्रोनट उत्तमच होता. त्या महिन्याची चव लिंबू आणि मेपलची. दर महिन्याला एकच चव असते आणि जुनी परत येत नाही. पण ऑफिसात जाऊन मी सांगितलं ते मॅडलीनबद्दल आणि त्या आजोबांबद्दल. ताई, तुमच्या रीलवाल्या मुलीला ही गोष्ट दाखवता येणार नाही. ती रांगेत उभीच राहणार नाही.

---

केतकी_रीलवाली

हर्षददादा, तुमचं शेवटचं वाक्य मला लागलं. मी हेच काम करते, छत्रपती संभाजीनगरमध्ये, तीन वर्षं झाली. मी रांगेत उभी राहते. पैसे देऊन खाते. आवडलं तरच व्हिडिओ टाकते. पैसे घेतले असतील तर पहिल्याच वाक्यात सांगते.

माझी बाजूही ऐका. मंजिरीताईंना शेजारीण मिळाली जिने पहिल्या आठवड्यात गाडीत घालून नेलं. आमच्याकडे एमआयडीसीत कामाला येणारी मुलं पीजीत राहतात, शेजारी कोण आहे हेही त्यांना ठाऊक नसतं. त्यांना कोण सांगणार कुठे काय चांगलं मिळतं? मागच्या वर्षी एका विधवा काकूंच्या खव्याच्या पोळीवर मी एक मिनिटाचा व्हिडिओ केला. काकूंच्या घराचं दार गल्लीत आत होतं, पाटीसुद्धा नव्हती. आज त्यांच्याकडे दोन बायका हाताखाली आहेत. मी त्यांच्याकडून एक रुपया घेतलेला नाही. हे तोंडी सांगणं नाही तर काय आहे? तोंड माझंच होतं.

---

चैत्रपालवी

केतकी, तुझं म्हणणं पटलं. खव्याच्या पोळीचं वाचून बरं वाटलं.

---

नि_वाघोलीकर

मी मार्केटिंग शिकवतो, म्हणून दोन मुद्दे. केतकीने लिहिलंय त्याच्याशी ते जुळतात असं मला वाटतं.

अर्नेस्ट डिक्टर नावाचा एक अभ्यासक होता. माणसं एखाद्या वस्तूबद्दल आपणहून का बोलतात यावर त्याने 1966 साली लिहून ठेवलंय, ते अजून जुनं झालेलं नाही. त्याने चार कारणं मांडली. वस्तूच अशी की अनुभव पोटात मावत नाही. सांगून आपलीच किंमत वाढते, आपण जाणकार ठरतो. समोरच्याचं भलं व्हावं असं मनापासून वाटतं. आणि चौथं, जाहिरातच इतकी बोलण्यासारखी असते की वस्तूऐवजी तिच्यावरच गप्पा होतात. हंटली ड्राइव्हवरच्या मुलीत पहिली तिन्ही कारणं एकत्र होती, असं ताईंच्या वर्णनावरून दिसतं. विकत घेतलेल्या रीलमध्ये बहुतेक वेळा फक्त चौथं उरतं.

आता कायद्याचं. जानेवारी 2023 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पैसे घेतले असोत की फुकट माल, दोन्ही 'हितसंबंध' धरले जातात आणि ते पाहणाऱ्याला स्पष्ट, सहज दिसेल असं सांगावं लागतं. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे मंजिरीताईंच्या वीस फुकट कपांबद्दलही त्या मुलीला तसं लिहावंच लागेल. केतकी ते करतेच आहे. ताईंनी एवढंच विचारावं: तू लिहिणार का? उत्तर टाळलं तर नाही म्हणून मोकळं व्हावं.

---

शुभदा_शारजा

दुबई चॉकलेटचं वेड आमच्या डोळ्यांसमोर उठलं, म्हणून लिहिते. सारा हमूदा या बाईंना 2021 मध्ये डोहाळे लागले होते, त्यातून ही कल्पना निघाली. पिस्ता, तिळाची ताहिनी आणि कुनाफ्याच्या कुरकुरीत शेवया घातलेलं जाड चॉकलेट. कंपनीचं नाव फिक्स. डिसेंबर 2023 मध्ये मारिया वेहेरा या मुलीने गाडीत बसून ते खातानाचा टिकटॉक टाकला आणि जगभर पसरला. तेव्हा ते फक्त डिलिव्हरी ॲपवर मिळायचं, दुपारी 2 ला आणि संध्याकाळी 5 ला. मी पाचला दोन मिनिटं कमी असताना फोन हातात घेऊन बसायचे. पाच वाजून दोन मिनिटांनी 'उपलब्ध नाही'. सहाव्या दिवशी मिळालं.

बहिणीला सांगलीला पाठवायचं होतं म्हणून एवढा खटाटोप. ती रोज विचारायची, कारण तिने ते मोडल्याचा आवाज ऐकला होता, तो 'कर्रर्र'. चव तिला माहीतच नव्हती. मी नेलं तेव्हा घरातल्या अकरा माणसांनी एका वडीचे अकरा तुकडे केले. पप्पा म्हणाले, "चांगलंय, पण आपल्या सुतरफेणीत पिस्ता घातल्यासारखं." आणि खरं सांगू, कुनाफ्याच्या त्या शेवया परतलेल्या सुतरफेणीच्या जवळच जातात.

केतकीच्या बाजूने एक मुद्दा आहे यात. तो व्हिडिओ एका मुलीने केला, हिरवा पिस्ता ओघळताना दाखवला, आणि खरोखर लाखो लोकांना पिस्त्याची आणि कुनाफ्याची ओळख झाली. विरोधातही एक आहे. वर्षभरात त्याच्या इतक्या नकला निघाल्या की आता भारतात कुठल्याही मॉलमध्ये 'दुबई चॉकलेट' दिसतं आणि त्यातल्या कित्येकांत हिरवा रंग आणि शेवया सोडून काही नसतं. ज्याने पहिल्यांदा ते खाल्लं, त्याच्या मनात मूळ चीजच तशी आहे असं बसतं. आवाज पसरला, पण चव त्याच्यासोबत गेलीच नाही.

---

मंजिरी_गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. शुभदा, तुझं 'चव गेलीच नाही' वाचून मला जे पहिल्या पोस्टमध्ये नीट मांडता आलं नव्हतं ते आता मांडता येईल असं वाटतंय.

गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या भागात रबडीचं एक दुकान होतं, आहे. नाव घेत नाही. पाच-सहा वर्षं मी तिथली रबडी खात होते. दाट, सायीचे लच्छे अख्खे, दुधाला तो खरपूस गुलाबी रंग. किती जणांना पाठवलं असेल याची गणती नाही. दिवाळीत लेकीच्या सासूबाई पहिल्यांदा आमच्याकडे राहायला आल्या. विहीणबाई नागपूरच्या, खाण्यापिण्यातल्या दर्दी. मी दोन दिवस आधीपासून सांगत होते, "तुम्हाला अशी रबडी खाऊ घालते की आठवण काढाल." स्वतः जाऊन मातीच्या कुल्हडांतून आणली. त्यांनी चमचा बुडवला. चमचा वर काढला तेव्हा रबडी त्याच्यावरून खळीसारखी, अखंड ओघळली. लच्छा एक नाही. मी चाखली तर आरारूट किंवा तसलंच काहीतरी लावून घट्ट केलेली, वर वेलदोड्याचा भपका. विहीणबाईंनी पूर्ण कुल्हड संपवलं आणि म्हणाल्या, "छान आहे हो." त्या इतक्या चांगुलपणाने म्हणाल्या की मला मान वर करवेना.

त्या रात्री मला झोप लागली नाही. दुकानदाराचं काही गेलं नाही, त्याला चार कुल्हडांचे पैसे मिळाले. गेला तो माझा शब्द. मी "जा, खा, मी सांगते ना" म्हणते तेव्हा माझी पत त्या दुकानाला उसनी देते. हंटली ड्राइव्हवरची ती मुलगी दारात थांबली होती ती याच्यासाठी. तिने तिचा शब्द टाकला होता आणि तो खाली पडतो की काय ते तिला बघायचं होतं.

दुकानदाराच्या बाजूने पाहिलं की हे फार मोठं ओझं आहे. रोज सव्वाशे कपांतले पंचवीस-तीस कप कुणाच्या तरी शब्दावर आलेल्या माणसाला जातात. मला ते ओळखू येतात. दोघी येतात, एक दुसरीकडे बघत असते. माझ्याकडे दूध पातळ आलं, चक्का नीट निथळला नाही, तर माझ्या आधी त्या पहिलीची मान खाली जाणार. म्हणून उन्हाळ्यात ज्या दिवशी दही जास्त आंबतं त्या दिवशी मी दुकान उघडत नाही, मुलगा कितीही म्हणाला तरी.

केतकी, तू पोळीवाल्या काकूंसाठी जे केलंस ते माझ्या मते याच जातीचं आहे. तू स्वतःचा शब्द टाकलास. मला आलेल्या मेसेजमध्ये मात्र त्या मुलीने एकदाही विचारलं नाही की दही कसं असतं. तिने ते चाखलेलंच नाही. जे तोंडाला लागलेलं नाही त्याबद्दल ती कुणाला तरी "वेडे व्हाल" सांगणार होती.

---

केतकी_रीलवाली

ताई, न चाखता तीन रील ठरवणं हे मला अजिबात मान्य नाही. आमच्यातले बरेच जण असं करतात आणि त्याचा त्रास आम्हाला होतो. मी एकदा नाशिकला आले की पैसे देऊन खाईन. व्हिडिओ करीन की नाही ते खाल्ल्यावर.

---

जुहूत_वाढलेली

रबडीचा किस्सा वाचून गलबलून आलं.

मी नॅचरल्स आइस्क्रीमचा दाखला देते, तो वेगळ्या कारणासाठी. रघुनंदन कामथ मूळचे कर्नाटकातल्या मुल्कीचे, वडील फळं विकायचे. फळ पिकलंय की नाही हे कामथांना लहानपणापासून हाताला कळायचं असं म्हणतात आणि त्यांचं आइस्क्रीम खाल्लं की ते पटतं. 14 फेब्रुवारी 1984 ला त्यांनी जुहूला पहिलं दुकान काढलं. तेव्हा नुसतं आइस्क्रीम खायला कोण येणार म्हणून सोबत पावभाजी ठेवली होती. तिखट पावभाजी खाल्ली की लोक गार काहीतरी मागायचे. माझे आईबाबा लग्नानंतर तिथे पावभाजीसाठीच गेले होते. आई म्हणते, "येताना बोललो ते सीताफळाबद्दल." पुढे पावभाजी बंद झाली आणि आइस्क्रीम राहिलं. कामथ मे 2024 मध्ये गेले, तेव्हा आमच्या फॅमिली ग्रुपवर घरातलं कुणी गेल्यासारखे मेसेज होते.

मला यात दिसतं ते असं, की लोक कशाबद्दल बोलतील हे दुकानदाराने ठरवलं नव्हतं, पण लोक बोलायला लागल्यावर त्याने ते ऐकलं. सीताफळाच्या बिया काढून गर आख्खा ठेवणं किती कष्टाचं काम आहे हे ज्याने घरी बासुंदी केलीय त्याला विचारा. मंजिरीताई, तुमच्याकडून बाहेर पडताना लोक कशाबद्दल बोलतात?

---

मंजिरी_गोदाकाठ

चिक्कीच्या चुऱ्याबद्दल! मला वाटलं होतं द्राक्षांबद्दल बोलतील. चिक्की मी घरी करते, गूळ थोडा जास्त तापवून, म्हणजे जराशी कडवट लागते. आंबट दह्यावर ती पडली की लोक थांबतात. काल एक मुलगा फोनवर कुणाला तरी सांगत होता, "अरे दही आहे, पण ते जळकट गुळाचं काहीतरी वर घालतात ना, ते जास्त माग." हे मी स्वतः कधीच लिहिलं नसतं.

---

हर्षद_न्यू_जर्सी

केतकी, माझं ते वाक्य सरसकट झालं, मागे घेतो. मनापासून माफी.

पिंकबेरीचं पुढे काय झालं ते कुणी लिहिलं नाही. ऑक्टोबर 2007 मध्ये मॅव्हरॉन या गुंतवणूकदार संस्थेने त्यांच्यात 2 कोटी 75 लाख डॉलर घातले. मॅव्हरॉनच्या संस्थापकांत स्टारबक्सचे हॉवर्ड शुल्ट्झ आहेत. दुकानं भराभर निघाली. त्याच वर्षी कोरियातली रेड मँगो अमेरिकेत उतरली, मागोमाग नकला आल्या, स्वतःच्या हाताने कप भरून वजनावर पैसे द्यायची दुकानं आली. मधेच याला कायद्याने 'फ्रोजन योगर्ट' म्हणता येतं का यावर कॅलिफोर्नियात दावा लागला, 2008 मध्ये साडेसात लाख डॉलरला तडजोड झाली, ते पैसे धर्मादाय कामांना गेले. 2015 मध्ये काहाला ब्रँड्सने कंपनी विकत घेतली.

आमच्या जवळच्या मॉलमध्ये एक दुकान होतं. दही वाईट नव्हतं. पण मी कुणाला मुद्दाम नेलं नाही. जे प्रत्येकाच्या घरापासून पाच मिनिटांवर आहे ते सांगून मी कुणाला काय देणार? तुमच्या शेजारणीकडे 2006 मध्ये देण्यासारखं काहीतरी होतं.

---

कॅम्पातला_पुणेकर

हर्षद, शंभर टक्के अनुमोदन. 'अमुकने माझ्यासाठी कयानीचा खोका आणला' यातला 'माझ्यासाठी' महत्त्वाचा. फक्त एक भर: वाढणं म्हणजे चूक असं नाही. नॅचरल्सची दुकानं शहराशहरांत आहेत आणि सीताफळाच्या हंगामात लोक अजूनही फोन करून सांगतात, "आलंय!" हंगाम असल्यामुळे दरवर्षी नव्याने सांगण्यासारखं काहीतरी उरतं. मंजिरीताईंकडे द्राक्षं आहेत, त्यांनी ती बाराही महिने ठेवायचा मोह धरू नये.

---

सिन्नरची_काकू

मंजिरी, मी सहसा लिहीत नाही, वाचते. म्हशीच्या दुधाचा चक्का उन्हाळ्यात आंबतो म्हणालीस. विरजण रात्री उशिरा लाव आणि पंचा टांगशील तो फ्रीजमध्ये टांग, खाली पातेलं ठेवून. आम्ही पन्नास वर्षं श्रीखंड विकलं. सासूबाई परातीत ओला पंचा ठेवून वर बर्फ ठेवायच्या, तेव्हा फ्रीज नव्हता. निथळलेलं पाणी टाकू नकोस, कढीला चालतं.

त्या मुलीला काय कळवलंस?

---

मंजिरी_गोदाकाठ

काकू, फ्रीजमध्ये टांगायचं उद्याच करून बघते. मोठा फ्रीज आहे, वरची जाळी काढली तर मावेल.

त्या मुलीला लिहिलं की आधी येऊन खा, पैसे देऊन, कुणालाही घेऊन ये. आवडलं तर तुझ्या मनात येईल ते कर, आम्ही काही देणार नाही. तिने अंगठा पाठवला. आली नाही अजून. मुलगा दोन दिवस नाराज होता. आज दुपारी तो काउंटरवर असताना एक आजी आल्या, सोबत दोन नाती. आजींनी मागितलं, "तें जळकट गुळाचं." त्यानेच मला आत येऊन सांगितलं, हसत होता.

---

सिन्नरची_काकू

रविवारी आम्ही चौघं येतोय. नातू, सून, मी आणि माझी बहीण. चार कप बाजूला काढून ठेव.

---

मंजिरी_गोदाकाठ

काकू, बाजूला कुणासाठीच काढत नाही, तुम्ही रागावू नका. रविवारी डबा साडेपाचपर्यंत पालथा होतो. चारच्या आत या, मी काउंटरवरच आहे.